ठाणे-नवी मुंबईतून घाटाकडे आणि कोकणाकडे : सायकलचे रस्ते आणि सोबतीचे गट

पामबीच_पहाट | शुक्रवार, रात्री १०:१२

पाऊस ओसरला, रस्ते वाळले आणि नव्याने रोड बाइक घेतलेल्यांचा नेहमीचा प्रश्न सुरू झाला: पाम बीच रोडवर फेऱ्या मारून झाल्या, आता पुढे कुठे? त्याच्या पाठोपाठ दुसरा, कुठल्या ग्रुपबरोबर जाऊ? उत्तरं दहा व्हॉट्सअ‍ॅप गटांत विखुरतात आणि आठवड्याभरात सापडेनाशी होतात, म्हणून हा धागा काढला.

आपल्याकडे एका बाजूला खाडी आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री. दोन्हीकडे एका सकाळीत जाऊन येता येतं. पण मधे जेएनपीटी बंदराचे ट्रेलर आहेत, गोदामांचे ट्रक आहेत, कायम कुठे ना कुठे खणलेले महामार्ग आहेत. त्यामुळे रस्ता निवडताना मी किलोमीटर आधी बघत नाही. जड वाहतूक नेमकी कुठे लागते आणि तिथून आपण किती वाजता पार होणार, हे आधी बघते. पळस्पे फाट्यावर जुना पुणे रस्ता, गोवा महामार्ग आणि बंदराकडचा रस्ता एकत्र येतात. तो फाटा उजाडता उजाडता ओलांडला तर पुढची राइड सुखाची होते. तोच साडेआठला ओलांडायचा असेल तर मी त्या दिवशी दुसरीकडे जाते.

माझ्या बाजूचे रस्ते सांगते. पायात दम आणायचा तर घराजवळचे दोन चढ पुरेत: बेलापूरचा पारसिक हिल आणि खारघरचा डोंगर. पारसिक छोटा पण अंगावर येणारा. खारघरचा रस्ता वर फणसवाडी-चाफेवाडीकडे जातो. तिथे वस्ती आहे, मुलं रस्त्यावर खेळत असतात, उतरताना वेग आवरा. पावसाळ्यात पांडवकड्याच्या बाजूला पोलीस बंदी घालतात, तेव्हा चौकशी करूनच निघा.

त्यापुढे पनवेलहून कर्नाळा. अभयारण्याच्या खिंडीत गोड चढ आहे, दोन्ही बाजूंनी झाडी, आणि सकाळी पक्ष्यांचा आवाज ट्रकांच्या वर ऐकू येतो. तिथून परत फिरा किंवा खारपाड्याचा पूल ओलांडून पेणला जाऊन मिसळ खा. तिसरा माझा सगळ्यात लाडका, जुना मुंबई-पुणे रस्ता: शेडुंग, चौक, खालापूर, खोपोली. एक्स्प्रेसवेने गाड्या ओढून घेतल्या म्हणून हा रस्ता आपल्याला उरला. खोपोलीला पोहोचून ज्यांना वाटेल त्यांनी बोरघाट चढावा, बाकीच्यांनी वडापाव खाऊन मागे वळावं.

गट निवडताना मी एकच गोष्ट बघायला सांगते. सरासरी वेग, जर्सी, फोटो सगळं राहू दे. घाटाच्या माथ्यावर शेवटच्या माणसासाठी कोण थांबतं, ते बघा.

ठाण्याच्या बाजूचं मला कमी माहीत आहे. तिकडच्यांनी भर घालावी.

—

तलावपाळीकर | शुक्रवार, रात्री ११:०५

उत्तम धागा. ठाण्याची बाजू मांडतो.

ठाणेकरांची शाळा म्हणजे येऊर. उपवनच्या बाजूने वर जायचं, चढ लांब नाही, पण थंड पायांनी निघालात तर पहिल्याच वळणावर दम लागतो. एक लक्षात ठेवा, हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. बिबट्याचा वावर आहे आणि आदिवासी पाडे आहेत. अंधारात जाऊ नका, वनखात्याच्या नाक्यावर जे सांगतील ते ऐका, आणि स्पीकरवर गाणी लावून तर अजिबात जाऊ नका. काही गट लावतात, मला ते मनापासून खटकतं.

लांबचा पल्ला हवा असेल तर वज्रेश्वरी-गणेशपुरी. भिवंडी-अंबाडीचा रस्ता जवळचा, पण खड्डे आणि ट्रक इतके की मनगटं दुखतात. मी घोडबंदरने जातो. गायमुखचा घाट, वर्सोव्याचा पूल, मग अहमदाबाद महामार्गावर शिरसाड फाटा आणि तिथून उजवीकडे पारोळ मार्गे आत. महामार्गाचा तुकडा कडेकडेने, एकामागे एक, न बोलता उरकायचा. फाट्यावर वळलात की तुंगारेश्वरच्या डोंगरांच्या सावलीतून रस्ता जातो आणि जीव भांड्यात पडतो. अकलोलीला गरम पाण्याची कुंडं आहेत, पण पाय त्यात घालून बसलात तर परतीला मांड्या ढिल्या पडतात. आधी खा, कुंडं पुन्हा कधीतरी.

कसारा घाट जमतो ठाण्याहून एका दिवसात. शहापूरपर्यंत नाशिक महामार्ग, वर इगतपुरी सहाशे मीटरच्या आसपास, तिथे घाटनदेवीचं दर्शन. परत उतरून कसाऱ्याहून लोकल धरणारे बरेच आहेत. चाकं काढून सायकल मालडब्यात. फक्त माजिवडा ते वडपे हा तुकडा रुंदीकरणाच्या कामामुळे बेभरवशाचा झालाय. तिथली ताजी स्थिती निघायच्या आधी विचारा.

—

चेन_लुब | शुक्रवार, रात्री ११:३१

माळशेज राहिला की! कल्याण-मुरबाड-टोकावडे-मोरोशी.

—

तलावपाळीकर | शुक्रवार, रात्री ११:४०

@चेन_लुब, राहिला नाही, मुद्दाम शेवटी ठेवला. माळशेज हिवाळ्यात करा. पावसाळ्यात दरड, धुकं आणि धबधब्याखाली गाड्या आडव्या लावलेली गर्दी. धुक्यात मागून येणाऱ्या एसटीला आपण दिसत नाही, लाल दिवा कितीही भारी घेतला तरी.

—

कॅडन्स९० | शनिवार, सकाळी ७:१८

रस्त्यांची माहिती मस्त. पण धागाकर्तीच्या गटाबद्दलच्या मताशी माझे मतभेद आहेत. मी शर्यतीसाठी तयारी करतो. माथ्यावर वीस-पंचवीस मिनिटं उभं राहिलं की अंगातला घाम गार होतो, पाय आखडतात आणि पुढचा उतार धोक्याचा होतो. प्रत्येक राइड सहलीसारखी झाली तर सुधारणा कशी होणार? वेगाने जाणाऱ्यांनाही जागा हवी. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात जो पहिला येतो त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. तो किताब सगळ्यांसाठी थांबत थांबत मिळत नाही.

—

पामबीच_पहाट | शनिवार, सकाळी ९:०२

@कॅडन्स९०, शर्यतीच्या सरावाला माझा विरोध नाही. तो सराव करणारे घाटात नक्कीच सुटावेत. माझं म्हणणं एवढंच की राइडची सूचना टाकतानाच ते लिहा: आज कोणासाठी थांबणार नाही, रस्ता स्वतः माहीत असेल तरच या. मग येणारा तयारीने येतो. ‘सगळ्यांचं स्वागत’ असं लिहून माणसाला बोलवायचं आणि पहिल्या चढावर सोडून जायचं, हे चूक आहे. एका गटाने एका नवख्या मुलीला असंच खोपोलीच्या अलीकडे मागे टाकलं. ट्यूब फुटलेली, पंप पुढे गेलेल्या मित्राकडे. रस्त्यावरच्या एका टेंपोवाल्याने तिला पनवेलला सोडलं. तिने नंतर सायकल विकली. एक चांगली सायकलस्वार आपण गमावली, हे मला अजून बोचतं.

उपाय साधा आहे. दोन तुकड्या करा. पुढची सुटते, मागची एकत्र राहते आणि मागच्या तुकडीच्या शेवटी एक जाणता माणूस, ज्याला आपण स्वीप म्हणतो, पंप-ट्यूब-टूल घेऊन असतो. स्वीपच्या पुढे सगळे, स्वीपच्या मागे कोणी नाही. ही पाळी दर आठवड्याला बदलली तर कोणाचाच सराव बुडत नाही.

—

कॅडन्स९० | शनिवार, सकाळी ९:२०

सूचनेत आधीच लिहायचं, हे पटलं. आमच्या गटात आजपासून तसं लिहू.

—

रानजाई | शनिवार, दुपारी १:४४

बायकांच्या बाजूने थोडं लिहिते. सगळे म्हणतात पहाटे पाचला निघा. खरं आहे, वाहतूक तेव्हाच कमी. पण पाचला मी ऐरोलीच्या घरातून निघाले की भेटण्याच्या जागेपर्यंतचा रस्ता मी एकटीने अंधारात काढते, आणि त्याचा हिशेब कोणीच करत नाही. आम्ही काही जणींनी भेटण्याची जागा बदलून घेतली. महामार्गाच्या फाट्यावर न भेटता रेल्वे स्टेशनच्या बाहेर भेटतो. तिथे उजेड असतो, रिक्षावाले असतात, चहाची टपरी उघडलेली असते. शिवाय एकाच नोडमधल्या (वसाहतीतल्या) दोघी-तिघी घरापासूनच एकत्र निघतात.

दुसरं म्हणजे स्वच्छतागृह. जुन्या पुणे रस्त्यावर हॉटेलं मिळतात. पेणच्या पुढे सकाळी लवकर पेट्रोल पंपांचाच आधार. ज्या गटाच्या रस्त्याच्या आखणीत या थांब्यांचा विचार असतो, तिथे बायका टिकतात. ज्यात नसतो, तिथे दोन राइडनंतर येत नाहीत, आणि मग गटवाले म्हणतात बायकांना आवड नाही.

—

आकुर्लीपार | शनिवार, दुपारी २:१०

रानजाई, +१. हा प्रतिसाद पिन करायला हवा.

—

साठीतला_स्वार | शनिवार, सायंकाळी ६:३७

मी कोपरखैरण्याला राहतो, निवृत्तीनंतर सायकल धरली. माझ्या वयाच्या आणि वजनाच्या लोकांसाठी गिअरबद्दल लिहितो, कारण दुकानात याबद्दल कोणी नीट सांगत नाही.

नवी रोड बाइक बहुतेक वेळा पुढे ५०/३४ आणि मागे ११-२८ दातांच्या चक्र्या अशी येते. पाम बीचला ती छान पळते. बोरघाटात घाम काढते. आणि नेरळहून माथेरानच्या दस्तुरीला जायचं म्हटलं तर गुडघेच मोडते. तो चढ सात-आठ किलोमीटरचा आणि त्यात साडेसहाशे-सातशे मीटर उंची गाठायची, म्हणजे सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास. काही वळणं तर भिंतीसारखी. टॅक्सीच्या ओम्नी पहिल्या गिअरमध्ये रडतात तिथे. मागे ३२ किंवा ३४ दातांपर्यंतची कॅसेट, म्हणजे मागच्या चक्र्यांचा संच, बसवून घ्या. लहान केजचा मागचा डेरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) एवढी मोठी चक्री पेलत नाही, तोही बघून घ्यावा लागतो. खर्च होतो, पण गुडघ्याच्या डॉक्टरपेक्षा कमी.

बोरघाट माझ्यासारख्याला जमतो. खोपोली समुद्रसपाटीपासून साठेक मीटरवर, लोणावळा सव्वासहाशेच्या जवळ. चढ लांब आहे पण समजूतदार आहे. मधे शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर तो, आणि वाट मिळाल्यावर त्यालाच मारलं असं सांगतात. ट्रकवाले जाता जाता नाणं टाकतात. मीही तिथे उतरतो, पाणी पितो, हात जोडतो आणि पुन्हा पायडल मारतो. वर काही तुकड्यात जुना रस्ता एक्स्प्रेसवेला चिकटतो, तिथे दुचाकींसाठीच्या पाट्या वाचत जा. एक्स्प्रेसवेवर आपल्याला परवानगी नाही.

—

चेन_लुब | शनिवार, सायंकाळी ७:०५

परवानगीचा विषय निघालाच आहे तर नवख्यांसाठी: अटल सेतूवरही दुचाकी आणि सायकल चालत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तो सुरू झाल्यापासून दर महिन्याला कोणीतरी विचारतं. वाशीचा खाडीपूल आणि ऐरोली पूल चालतात.

—

खाडीपल्याड | शनिवार, रात्री ९:५०

घाटांबद्दल बरंच झालं, समुद्राबद्दल मी लिहितो. माझ्या मते आपल्या भागातून सायकलवर बाहेर पडण्याचं खरं सुख किनाऱ्याच्या रस्त्यात आहे.

पहिला धडा अलिबाग. नेरुळहून पनवेल, कर्नाळा, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड, अलिबाग. साधारण ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. वडखळपर्यंत जीव मुठीत, पुढे अलिबागच्या वाटेला लागलात की वाहतूक पातळ होते, आणि कार्लेखिंडीचा चढ संपला की हवेतच खारेपणा जाणवतो. परतीला तोच रस्ता नको असेल तर मांडव्याला या आणि रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) भाऊच्या धक्क्यावर उतरा, साधारण तासाभराचा प्रवास. तिथून डॉकयार्ड रोडला हार्बर लोकल. दिवस तोच, पण अर्धी ताकद वाचते. पावसाळ्यात साध्या लाँच बंद असतात आणि रो-रोचंही हवामानावर असतं.

दुसरा धडा दोन-तीन दिवसांचा. अलिबाग, रेवदंडा, कुंडलिकेवरचा साळावचा पूल, काशीद, मुरूड. हा रस्ता नकाशावर किनाऱ्याला चिकटलेला दिसतो म्हणून लोक सपाट समजतात. कोकणचा किनारा सपाट नाही. प्रत्येक गाव खाडीच्या तोंडाशी खाली, आणि दोन गावांच्या मधे सडा. म्हणजे दर काही किलोमीटरला वर चढा, जांभ्याच्या पठारावरून जा, पुन्हा खाली उतरा. घाटात एकदाच चढायचं असतं, इथे दिवसभर चढता. संध्याकाळी बेरीज केली तर एखाद्या मोठ्या घाटाएवढी उंची सहज होते.

आगरदांड्याहून दिघीला जंगलजेट्टीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, पलीकडे. तिथून दिवेआगर, आरावी, शेखाडी, श्रीवर्धन. आरावी ते शेखाडी हा तुकडा मी सगळ्यांना आग्रहाने सांगतो, डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला थेट पाणी. पुढे हरिहरेश्वर, बागमांडल्याहून वेश्वीला सावित्री ओलांडायची, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली. हौस असेल तर दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठी, गुहागर, आणि तवसाळहून जयगडला शास्त्री. अशा चार खाड्या, चार जेट्ट्या. बोट चुकली तर पुढच्या फेरीपर्यंत सावलीत बसून कोकम सरबत प्यायचं, हाच आराम. शेवटची फेरी कधी, हे मात्र आदल्या गावात विचारून घ्या.

वाऱ्याचं गणित: दुपारनंतर समुद्रावरून, बहुतेक वेळा वायव्येकडून वारा सुटतो. दक्षिणेला जाताना तो पाठीला असतो. उत्तरेकडे परत येताना तोच छातीवर येतो आणि शेवटच्या तीस किलोमीटरमध्ये माणूस रडकुंडीला येतो. म्हणून मी एकाच दिशेने जातो आणि परतीला गाडी किंवा रेल्वे बघतो. घरी आल्यावर त्याच दिवशी सायकल गोड्या पाण्याने पुसा आणि चेनला तेल द्या. खारी हवा बोल्टना आठवड्यात तांबडं करते.

आणि एक छोटी वस्तू बरोबर असू द्या. रोड बाइकच्या ट्यूबला प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, गावातल्या पंक्चरवाल्याकडे मोटरसायकलचा पंप. मधे लागतो तो पितळी अ‍ॅडॉप्टर. वीस-तीस रुपयांची वस्तू, पण श्रीवर्धनला मिळणार नाही.

—

पामबीच_पहाट | शनिवार, रात्री १०:१५

@खाडीपल्याड, साष्टांग नमस्कार. हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका, प्लीज.

—

उरणचो | रविवार, सकाळी ११:२२

मी इथलाच. उलवे-उरण रस्त्याबद्दल कोणी काही लिहिलं नाही ते बरंच केलं. तिथे सकाळी सायकल घालू नका. ट्रेलरचं मागचं चाक वळताना आत येतं आणि ड्रायव्हरला आरशात सायकल दिसत नाही. हिरवा सिग्नल असो, ट्रेलरच्या डाव्या बाजूला कधी उभं राहू नका. मागे थांबा.

आणखी एक सांगायचंय. गावातून जाताना रांग करून, हळू जा. सकाळी मासळी घेऊन बाया रस्त्याच्या कडेने निघालेल्या असतात, डोक्यावर पाटी असते, त्यांना पटकन वळता येत नाही. घंटी वाजवा, ओरडू नका. गाववाले तुम्हाला ओळखायला लागले की पाणी देतात, पंक्चरला हात लावतात. आमच्याकडे दिलंय लोकांनी.

—

ब्रेव्हेवाला | रविवार, दुपारी ३:३०

गटात जमत नसेल किंवा गटाशी वेग जुळत नसेल त्यांच्यासाठी बीआरएमचा मार्ग आहे, म्हणजे ठरलेल्या वेळात लांब अंतर पूर्ण करायच्या राइड. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी जगभर चालतं, आपल्याकडे ऑडॅक्स इंडिया बघतं. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस, ६०० चाळीस. एका हंगामात चारही केले की सुपर रँडोनियर. क्रमांक लावत नाहीत. पहिला येणाराही पूर्ण करणारा आणि शेवटचाही पूर्ण करणारा, म्हणून धागाकर्तीला हे आवडेल.

हिशेब सोपा: थांबे, जेवण, पंक्चर धरून ताशी पंधराची सरासरी. पाम बीचवर पंचवीसने जाणाऱ्याला ते हसण्यासारखं वाटतं. दुपारी बारा वाजता, घाट संपल्यावर, बाटलीतलं पाणी गरम झालेलं असताना वाटत नाही. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, अंधारात चमकणारं जॅकेट, याशिवाय सुरू करू देत नाहीत आणि ते योग्यच आहे.

या सगळ्याचं टोक म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, १२०० किलोमीटर, दर चार वर्षांनी. मागची २०२३ला झाली, पुढची २०२७ला. तयारीला वेळ आहे. हे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी नाशिककडे बघा. तिथल्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली.

—

चेन_लुब | रविवार, सायंकाळी ५:१२

उतारावर कोणीच लिहिलं नाही, म्हणून पटकन. पडतात ते चढताना नाही, उतरताना. ब्रेक सतत दाबून धरू नका. रिम ब्रेक असेल तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग काढा, वळणात ब्रेक सोडा, बाहेरचा पाय खाली. आतल्या कडेला ऑक्टोबरपर्यंत शेवाळ आणि खडी असते, तिथे चाक नेऊ नका. २५ऐवजी २८ मिलिमीटर रुंदीचे टायर घाला आणि हवा थोडी कमी ठेवा, आपल्या रस्त्यांना तेच मानवतं.

—

नवी_चाकं | रविवार, रात्री ८:४१

सगळं वाचून काढलं, खूप आभार. मी सानपाड्याला राहते, हायब्रीड सायकल आहे, सलग ३० किमी जमतात. कर्नाळा करायचाय. जमेल का? कोणी नेईल का?

—

पामबीच_पहाट | रविवार, रात्री ९:०५

@नवी_चाकं, जमेल. सानपाड्याहून जाऊन-येऊन साठ किलोमीटरच्या आत-बाहेर होतं, त्यामुळे या आठवड्यात एकदा चाळीस करून बघा. येत्या रविवारी मागच्या तुकडीची राइड ठेवते. पावणेसहाला नेरुळ स्टेशन, पश्चिमेला, उजेडाच्या बाजूला. एक जास्तीची ट्यूब तुमच्या चाकाच्या मापाची, दोन बाटल्या, हेल्मेट, मागचा लाल दिवा. केळी मी आणते.

—

रानजाई | रविवार, रात्री ९:१८

मी येते. @नवी_चाकं, मी ऐरोलीहून सानपाड्यावरूनच जाते. सव्वापाचला तुमच्या सोसायटीच्या गेटवर असेन, पत्ता व्यक्तिगत संदेशात पाठवा.

—

कॅडन्स९० | रविवार, रात्री ९:४७

या रविवारी स्वीप मी राहतो. पंप आणि चेन टूल माझ्याकडे आहे.